वणवा आणि आपले घर

महाभारताच्या आदिपर्वातील लाक्षागृहाची कथा आपल्या घरोघरी मुलांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. वारणावतास पुरोचनाने पांडवांसाठी जे घर उभारले त्यात शण, राळ, तूप, लाख अशा चटकन पेट घेणाऱ्या वस्तू भिंतींत आणि छपरात कालवून घातल्या होत्या. घरात पाऊल टाकताच युधिष्ठिरास तुपाचा आणि लाखेचा वास आला व त्याने भीमास सावध केले. या कथेत अग्नीला फारसे महत्त्वच नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ठिणगी कोठूनही येवो, कोणीही लावो. घर जळावयाचे ते त्याच्या अंगात असलेल्या लाखेमुळे. गेल्या तीस वर्षांत अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांतील शास्त्रज्ञांनी वणव्याने घरे कशी जळतात याचा जो कसोशीने शोध घेतला, त्याचे सार याहून निराळे नाही. या विषयाचा परामर्श येथे घेण्याचे कारण असे की, आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे वडिलोपार्जित घर रत्नागिरी अथवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात एखाद्या डोंगराच्या कुशीत आहे, आणि कित्येकांची मुले-सुना कॅलिफोर्नियातील टेकड्यांवर संसार थाटून बसली आहेत. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे.

वणवा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर ज्वालांची एक प्रचंड भिंत उभी राहते. ती पुढे पुढे सरकत येऊन घरास गिळंकृत करते असे आपण समजतो. ही समजूत बव्हंशी चुकीची आहे. अमेरिकेच्या वनखात्यातील मोंटाना येथील संशोधक जॅक कोहेन यांनी या समजुतीची परीक्षा पाहण्याचे ठरविले. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील अरण्यात मुद्दाम वणवे लावून जे प्रयोग झाले, त्यांत लाकडी भिंती अरण्याच्या कडेपासून १०, २० व ३० मीटर अंतरावर उभ्या केल्या होत्या. झाडांच्या शेंड्यांपर्यंत आग भडकली असताही ३० मीटरांवरील भिंतीने पेट घेतला नाही. २० मीटरांवरील भिंतीनेही घेतला नाही, फार तर ती करपली. १० मीटरांवरील भिंत काही वेळा पेटली, काही वेळा नाही. असे का व्हावे? मोठ्या ज्वाला एका जागी फार काळ टिकत नाहीत. मिनिट-दीड मिनिटात तेथील बारीक सरपण संपते व आग पुढे जाते. आणि जाड लाकूड दुरूनच्या उष्णतेने पेटण्यास तेवढा अवधी पुरत नाही. कागद निखाऱ्यावर धरताच भडकतो, पण ओंडक्यास चुलीत बराच वेळ ठेवावे लागते, हे आमच्या भगिनींस आम्ही सांगावयास नको.

मग घरे जळतात ती कशाने? ठिणग्यांनी. वाऱ्यावर उडत आलेली जळती साल, पाने, लाकडाचे कपचे आगीच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. त्यांतील बहुतेक विझतात. परंतु एखादा इंगळ पन्हळीतील वाळक्या पाचोळ्यात, कौलांच्या फटीत, पडवीतल्या लाकडांच्या ढिगात अथवा उंबऱ्याबाहेरच्या पायपुसण्यावर पडला तर तो तेथे तासन् तास धुमसत राहतो आणि वणवा दूर निघून गेल्यावर घर पेटवितो. एक घर पेटले की त्याच्या ज्वाला अरण्याच्या ज्वालांप्रमाणे मिनिटभरात ओसरत नाहीत. ते घटका-दोन घटका जळते आणि शेजारचे घर पेटविण्यास तेवढा अवधी पुष्कळ होतो. दाट वस्तीत पहिल्या एक-दोन घरांनंतर आग ही वणव्याची राहतच नाही, ती घरांचीच होते.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातील पॅराडाइज या गावी हेच घडले. गावची लोकवस्ती सुमारे २६ हजार. निवृत्त वृद्धांचे, पाइन वृक्षांच्या छायेतले शांत गाव. सकाळी साडेसहाच्या सुमारास फेदर नदीच्या दरीत, जवळजवळ शंभर वर्षांच्या जुन्या वीजवाहिनीची झिजलेली कडी तुटून ठिणगी पडली. पाऊस लांबलेला, गवत कोरडेठण्ण आणि ईशान्येकडून सोसाट्याचा वारा. आठ वाजण्याच्या सुमारास गावात ठिकठिकाणी ठिणग्या पडून आगी लागल्या, मुख्य वणवा अद्याप मागेच होता. त्या एका आगीत ८५ माणसे मृत्युमुखी पडली व १८ हजारांहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. वीजकंपनीने पुढे २०२० साली न्यायालयात ८४ मृत्यूंबाबत आपला अपराध कबूल केला. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तेथील छायाचित्रांत दिसते. घराच्या जागी राखेचा चौकोन उरला आहे, धुराडे तेवढे उभे आहे, आणि त्याच्या सभोवार पाइनची झाडे हिरवीगार! झाडांवरून आग घरावर आली असती तर प्रथम झाडे जळावयास हवी होती.

म्हणूनच, घर वाचविण्यासाठी परिसरातील सर्व झाडे तोडून टाका, असा जो सल्ला काही उत्साही मंडळी देतात, तो आम्हांस मान्य नाही. आंब्याच्या अथवा फणसाच्या ओल्या खोडाने घर सहसा जळत नाही. त्याखाली साचलेल्या पाचोळ्याने जळते. कुऱ्हाडीपेक्षा खराट्याचे काम येथे अधिक आहे. फांद्या मात्र छपरावर टेकू देऊ नयेत, आणि जमिनीलगतच्या वाळक्या फांद्या छाटाव्यात, म्हणजे गवताची आग शिडी चढल्यासारखी वर चढणार नाही.

८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटांतील लाहैना नगर जळाले. तेथे समुद्रकाठी तांबड्या छपराचे एक जुने लाकडी घर, आजूबाजूची सारी घरे राख झाली असता, जसेच्या तसे उभे राहिले. त्याचे छायाचित्र जगभर गाजले आणि कित्येकांनी त्यास चमत्कार म्हटले. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, मालकांनी काही काळापूर्वी जुने डांबरी छप्पर काढून जाड पन्हाळी पत्रा घातला होता, आणि भिंतीला लागून असलेली झुडपे उपटून पागोळीच्या रेषेपर्यंत नदीतले गोटे पसरले होते. हे सारे त्यांनी केले ते वणव्याच्या भयाने नव्हे, तर वाळवीच्या भयाने! चमत्कार मानावयाचाच असेल तर तो वाळवीच्या खाती जमा करावा.

कॅलिफोर्नियात घराभोवती शंभर फूट मोकळीक राखण्याचा कायदा फार दिवसांपासून आहे. या शंभर फुटांपैकी भिंतीलगतच्या पहिल्या पाच फुटांत जळेल असे काहीही असू नये, हे तत्त्व त्या राज्याने २०२० साली कायद्यात आणले. लाकडी कुंपण घराला टेकते तेवढा शेवटचा भागही काढून तेथे लोखंडी फाटक बसवावे, असे तेथील तज्ज्ञ सांगतात. हे वाचीत असता आम्हांस आपल्या कोकणातील घराचे वारंवार स्मरण होत होते. शेणाने सारवलेले, पहाटे झाडून लख्ख केलेले अंगण म्हणजे दुसरे काय? जांभ्या दगडाची भिंत, मंगळुरी कौले, जमिनीलगत दगडी जोते, आवाराला गडगा; ही सारी मांडणी अग्नीच्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. गडगा पेट घेत नाही, आणि पाचोळा त्याच्या बाहेरच अडतो. आमच्या आजी-पणजींस ठिणग्यांचे शास्त्र ठाऊक होते असे आम्ही म्हणत नाही. पूर्वजांना सर्व काही ज्ञात होते असे म्हणण्याची जी खोड हल्ली बोकाळली आहे, तिचे आम्ही भोक्ते नाही. पण त्यांच्या झाडलोटीचा हा लाभ खरा आहे.

तथापि त्याच घरात लाखही पुष्कळ असते. दिवाळीनंतर अंगणात मांडव उभारून त्यावर माडाच्या झावळ्या घालण्याची आपली चाल आहे. सावली उत्तम मिळते यात शंका नाही; परंतु फाल्गुन-चैत्रात ह्या झावळ्या इतक्या वाळतात की एका इंगळाने सारा मांडव भडकावा, आणि मांडवाची आडवी लाकडे बहुधा पडवीच्या वाशांनाच बांधलेली असतात. म्हणजे आग थेट छपराखाली. ज्यांच्या घराच्या मागेपुढे गवताळ डोंगर आहे त्यांनी मांडवावर झावळ्यांऐवजी वेल चढवावा, अथवा निदान मांडव आणि पडवी यांमध्ये हात-दोन हात अंतर सोडावे. पेंढ्याची उडवी गोठ्याला लागून रचण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण गुरांना घालावयास ती हाताशी असते. ती घरापासून व गोठ्यापासून शंभर फूट तरी दूर असावी आणि तिच्याभोवतीचे गवत तासून काढावे. शेणी, सोडणे, करवंट्या व लाकूडफाटा पावसाळ्यात पडवीत ठेवणे भाग आहे. पण उन्हाळ्यात त्यांस तेथे ठेवण्याचे काय प्रयोजन?

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे माळा. कौलांखाली, भिंतीच्या माथ्यावर, वाशांच्या मधल्या फटीत चिमण्या घरटी करतात, उंदीर कापूस-चिंध्या नेतात, आणि त्याच माळ्यावर आजोबांच्या वेळची वर्तमानपत्रे, तुटकी सुपे, जुन्या चटया पडलेल्या असतात. फटीतून आत गेलेली ठिणगी येथे कोणासही न दिसता वाढते. बारीक छिद्रांची धातूची जाळी या फटींस व वायुवीजनाच्या झरोक्यांस बसवावी. एक सुताहून मोठे छिद्र असू नये, असे तेथील अनुभवावरून ठरले आहे. प्लॅस्टिकची मच्छरजाळी येथे निरुपयोगी होय, ती वितळते. फुटलेली व सरकलेली कौले बसवून घ्यावीत. वर्षानुवर्षे पन्हळीत साचलेला पाचोळा काढावा. या सर्वांस एका माणसाची चार-पाच दिवसांची मजुरी व थोडी जाळी, याहून अधिक खर्च नाही.

खिडक्यांविषयी थोडके. उष्णतेने काच तडकली म्हणजे घराचे द्वार अग्नीस खुले झाले असे समजावे. परदेशात दुहेरी व कठीण केलेली काच वापरतात. आपल्याकडील जाड सागवानी झडपा वेळीच बंद केल्या तरी काम भागते. मात्र झडपेच्या आत पडदे लोंबत असतील तर ते आधी काढून टाकावेत.

आता घराची जागा. उतारावर आग खालून वर धावते. उतार दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातील अग्निशामकांचा ठोकताळा आहे. म्हणून डोंगराच्या खांद्यावर, घळीच्या तोंडाशी बांधलेले घर सर्वांत धोक्याचे. आणि गंमत अशी की, देखाव्याच्या लोभाने हल्ली शहरातले धनिक नेमक्या त्याच जागा विकत घेतात. अशा घराच्या खालच्या अंगास मोकळी पट्टी अधिक रुंद ठेवावी लागते. कोकणात वाऱ्याचाही विचार हवा. दुपारी खारा वारा समुद्राकडून डोंगराकडे वाहतो, रात्री मतलई वारा उलट फिरतो. दुपारी वर गेलेला वणवा संपला असे मानून झोपी जाणाऱ्यास तो पहाटे खाली उतरलेला दिसावा, हे अशक्य नाही.

कोकणातील शेतकरी आंबा-काजूच्या बागांभोवती गवत कापून जाळरेषा काढतात. ही चाल उत्तम होय, परंतु तीस मुहूर्त चुकीचा लाभतो. येथे संयुक्त कुटुंबाच्या एका दुखण्याकडे बोट दाखविणे आम्हांस प्राप्त आहे. गावचे घर सामाईक, हिस्सेदार सात. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी सातासमुद्रापलीकडे. घर उघडते गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. गणपतीत सारी सृष्टी हिरवी असते, तेव्हा आगीचा विचार कोणाच्या मनात येणार? शिमग्यास वणव्याचा हंगाम ऐन भरात आलेला असतो, आणि मे महिन्यात मंडळी पोहोचतात तेव्हा शेजारचा डोंगर काळा झालेला दिसतो. गवत दिवाळीनंतर वाळू लागते. जाळरेषा, माळ्याची झाडलोट, उडवीची जागा ही कामे दिवाळी आणि संक्रांत यांच्या दरम्यान उरकली पाहिजेत. त्या दिवसांत गावी कोण असते? बहुधा एखादी वृद्ध काकू आणि तिच्या सोबतीला राहणारे कुळातले एखादे माणूस. सात हिस्सेदारांपैकी प्रत्येकास वाटते की दुसऱ्याने सांगितले असेल. देवघरातील नंदादीपासाठी वर्गणी काढणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत. त्याच वहीत आणखी एक ओळ घालून मार्गशीर्षातील या कामाची पाळी वर्षावर्षाने एकेका हिस्सेदाराकडे द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. कापलेले गवत तेथेच जाळून टाकण्याची घाई मात्र करू नये. राब भाजताना किंवा बांध पेटवताना हातची सुटलेली आग हेच आपल्याकडील कित्येक वणव्यांचे मूळ असते; नवे गवत जोमाने यावे म्हणून डोंगर पेटविण्याची चालही अद्याप गेलेली नाही. राखीव वनास आग लावणे हा १९२७ च्या वनकायद्यान्वये अपराध आहे, हे त्या वृद्ध काकूस नव्हे तर गावातील तरुणांस सांगावयास हवे.

येथवर घराविषयी झाले. माणसांचा प्रश्न याहून कठीण आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी असे शिकवीत की, तयारी करून घरात राहा व घर राखा, नाही तर आगाऊ निघून जा. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया प्रांतात जो अग्निप्रलय झाला, त्यात १७३ माणसे दगावली आणि त्यांतील शंभरांहून अधिक घरांतच सापडली. त्यानंतर तेथील अधिकाऱ्यांनी अतिभयंकर दिवसांची एक निराळी प्रत ठरविली व अशा दिवशी आदल्या रात्री अथवा पहाटेच निघून जावे, असे निक्षून सांगितले. पॅराडाइजमधील मृतांतही बहुसंख्य पासष्टीच्या पुढचे होते. कित्येकांस चालता येत नव्हते, आणि गावाबाहेर जाणारे थोडे रस्ते वाहनांनी गच्च भरले होते. आमच्या मते घरातील कर्त्यांनी एक गोष्ट आजच, जेवणे झाल्यावर ओटीवर बसून ठरवावी: आजोबांना उचलून कोणी न्यावयाचे, औषधांची पेटी व कागदपत्रे कोणाच्या हाती, गुरांची दावी कोणी सोडावयाची आणि जमावयाचे कोठे. देव कोणी घ्यावयाचे हेही ठरवावे, नाही तर त्यासाठीच कोणी तरी मागे फिरते. म्हातारी माणसे घर सोडण्यास राजी नसतात, आणि त्यांचे म्हणणे पोरकट असते असे नाही. ज्या घरात साठ वर्षे काढली ते सोडून मिळवावयाचे काय, असे त्यांस वाटते. त्यांच्याशी हा वाद धूर दिसू लागल्यावर घालण्यात अर्थ नाही. तो पौषातच घालून मोकळे व्हावे.

वेळ आलीच तर अंगावर जाड सुती अथवा लोकरी वस्त्र हवे. घोंगडी उत्तम, नायलॉनची साडी कदापि नको, ती वितळून कातडीस चिकटते. ओला रुमाल तोंडास बांधल्याने राख अडते, धुरातील सूक्ष्म कण अडत नाहीत; दम्याच्या रोग्यासाठी एन-९५ जातीचा मुखवटा घरात असू द्यावा. विजेच्या पंपावर विसंबू नये, कारण अशा वेळी वीज प्रथम जाते. विहिरीवर दोर-बादली आणि दारी दोन भरलेली पिंपे असावीत. गॅसच्या टाकीची कळ बंद करावी. महाराष्ट्राच्या वनखात्याचा मदतक्रमांक १९२६ आणि सर्वसाधारण आणीबाणीचा ११२ हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. डेहराडून येथील भारतीय वनसर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना नाव नोंदविणाऱ्यांस दूरध्वनीवर पाठविते. गावातील एखाद्या शिक्षकाने नाव नोंदविले तरी साऱ्या वाडीस उपयोग होईल. कोवळे हिरवे टहाळे घेऊन गवताची आग झोडपण्याची जुनी रीत गुडघाभर ज्वालांपुरती ठीक आहे. ज्वाला माणसाच्या उंचीची झाली की तेथे शौर्य दाखवू नये.

आग निघून गेली म्हणजे घरी परतावयाची घाई होते. परतलेल्यांनी प्रथम माळ्यावर दिवटी न नेता विजेरी न्यावी, कौलांखाली हात फिरवून ऊब लागते का पाहावे, पेंढ्याची उडवी व लाकडांचा ढीग उसकटून पाहावा, आणि निदान पहिली रात्र पाळीपाळीने जागून काढावी. पुढे पावसाळा येतो. कॅलिफोर्नियातच माँटेसिटो येथे वणव्याने उघड्या पडलेल्या डोंगरावरून ९ जानेवारी २०१८ रोजी, पहिल्याच मोठ्या पावसात, चिखल व दगडांचा लोंढा येऊन २३ माणसांचा बळी गेला. जळालेल्या उतारास पाणी धरून ठेवणारे काही उरलेले नसते. तेव्हा मृगापूर्वी घराच्या वरच्या अंगास आडवे चर खणून पाणी बाजूच्या ओहोळास वळवावे, आणि विहिरीच्या काठाला बांध घालावा, म्हणजे पहिल्या सरीची राख प्यावयाच्या पाण्यात उतरणार नाही.